औषधाला न जुमानणारी पेशी



कर्करोगाने एखाद्या घरात पाऊल टाकले म्हणजे त्या घरातून धर्मगुरूकडे नाना प्रश्न येतात. त्यांतील एक प्रश्न निरनिराळ्या तोंडांतून, परंतु एकाच वेदनेने पुन्हा पुन्हा विचारला जातो: "फादर, पहिल्या औषधाने गाठ विरघळली होती. आता काही दिसत नाही असे डॉक्टरांनीच सांगितले होते. मग ती परत कशी आली? आणि तेच औषध आता का लागू पडत नाही?" ह्या प्रश्नामागे न उच्चारलेले दुसरे प्रश्न दडलेले असतात. पैसा व्यर्थ गेला काय? डॉक्टरांनी फसविले काय? पथ्यात कसूर झाली काय? आमच्या हातून काही पाप घडले काय? आजच्या लेखात ह्याचा विचार करावयाचे योजिले आहे. विषय थोडा कठीण आहे. तथापि शेतकऱ्याला न समजण्यासारखा नाही. किंबहुना पांढुर्णा-सौंसरकडच्या कास्तकाराला तो शहरातल्या माणसापेक्षा लवकर उमजेल.

आपल्या काळ्या जमिनीत कपाशीच्या ओळींमधून मोथा उगवतो. निंदणाऱ्या बाया खुरप्याने त्याची पात काढून टाकतात आणि शेत आरशासारखे स्वच्छ दिसते. एक पाऊस पडून जातो, चार दिवस ऊन पडते, आणि मोथा पुन्हा डोके वर काढतो. कारण उघड आहे. पात गेली, पण जमिनीखालची गाठ राहिली. तणनाशक फवारले तरी पात करपते. परंतु जी गाठ त्या वेळी निजलेली असते, तिच्यापर्यंत विष पोहोचतच नाही. पात म्हणजे मोथा नव्हे, गाठ म्हणजे मोथा, हे ज्याने ओळखले त्याला आजचा अर्धा विषय कळला.

प्रथम औषध काय करते ते पाहू. आपले शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. एका पेशीच्या दोन होतात, जुन्या मरतात, नव्या त्यांची जागा घेतात. निरोगी शरीरात हे सारे गरजेपुरते आणि शिस्तीने चालते. कर्करोगात ही शिस्त मोडते. पेशी थांबण्याचा हुकूम ऐकत नाहीत आणि मरण्याची वेळ आली तरी मरत नाहीत. किमोथेरपीची बहुतेक जुनी औषधे ह्या अखंड दुभंगण्यावरच घाव घालतात.

ह्यांपैकी एका प्रसिद्ध औषधाशी मराठी मुलखाचा संबंध आहे, तो सांगण्याजोगा आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडील रानांत पॅसिफिक यू नावाचे झाड वाढते. त्याची साल १९६२ साली परीक्षणासाठी गोळा करण्यात आली. तिच्यातील गुणकारी द्रव्य वेगळे काढून त्याची रचना १९७१ साली प्रसिद्ध करणाऱ्यांत दोन रसायनशास्त्रज्ञ प्रमुख होते. एक मनरो वॉल आणि दुसरे मनसुख वाणी. हे वाणी खानदेशातील नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकून पुढे अमेरिकेत गेलेले. त्या द्रव्याला पॅक्लिटॅक्सेल म्हणतात; टॅक्सॉल हे त्याचे अधिक परिचित नाव. १९७९ साली सूझन हॉरविट्झ ह्या विदुषीने त्याची करणी उलगडून दाखविली. पेशी दुभंगताना तिच्या आत बारीक दोऱ्यांची मांडणी व्हावी लागते आणि काम होताच ती मोडावीही लागते. हे औषध त्या दोऱ्या अशा ताठ करून ठेवते की मांडणी मोडता येत नाही. पेशी अर्ध्या वाटेत अडकते आणि मरते. १९९२ च्या डिसेंबरात अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगासाठी ह्या औषधाला मान्यता मिळाली. आज प्लॅटिनम धातूपासून केलेल्या कार्बोप्लॅटिनच्या जोडीने ते जगभर, आणि आपल्या नागपुरातही, दिले जाते.

प्रभूने सांगितलेला गव्हाचा व निदणाचा दृष्टांत आपणा सर्वांस ठाऊक आहे. निदण उपटताना गहूही उपटला जाईल, ही त्या धन्याची चिंता होती. डॉक्टरांची चिंता हीच आहे. केसांच्या मुळांतील, आतड्यांतील आणि हाडांच्या मज्जेतील निरोगी पेशीही झपाट्याने दुभंगतात. म्हणून औषधाचा मार त्यांनाही बसतो. केस गळतात, तोंड येते, रक्त कमी होते. ह्यावरून औषध विषारी आहे म्हणून ते सोडावे असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. ते दोन डोसांमध्ये अंतर ठेवून, मोजून मापून का देतात, एवढाच अर्थ त्यातून घ्यावयाचा.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. गाठीतील सर्व पेशी सारख्या नसतात. निरोगी शरीरातही त्या सारख्या नसतात. हाडांच्या मज्जेत मोजक्या मूलपेशी असतात आणि त्यांच्यापासून सर्व प्रकारच्या रक्तपेशी जन्मास येतात. मूलपेशीचे दोन गुण ध्यानात ठेवावे. ती आपल्यासारखीच दुसरी मूलपेशी निर्माण करू शकते, आणि तिच्यापासून निरनिराळ्या कामांच्या पेशीही घडतात. १९९४ साली कॅनडातील टोरांटो येथे जॉन डिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताच्या कर्करोगात असेच काही दाखविले. रोग्याच्या रक्तातील फार थोड्या पेशी उंदराच्या शरीरात तो रोग नव्याने उभा करू शकत होत्या. बाकीच्या करू शकत नव्हत्या. २००३ साली अमेरिकेतील मिशिगन येथे स्तनाच्या कर्करोगातही तसेच आढळले. ह्या थोड्या पेशींना कर्करोगाच्या मूलपेशी असे नाव पडले. मोथ्याची जमिनीखालची गाठ ती हीच.

परंतु गाठीतील पेशीला हे मूलपेशीचे गुण येतात कोठून? येथे आपणांस पेशीच्या आतील एका व्यवस्थेची ओळख करून घ्यावी लागेल. ती समजण्यासाठी आपण वेदीवरील मिस्साग्रंथाकडे पाहू. त्या एका ग्रंथात वर्षभराच्या सर्व प्रार्थना असतात: नाताळाच्या, उपवासकाळाच्या, लग्नाच्या, अंत्यविधीच्या. तरी नाताळाच्या रात्री अंत्यविधीची प्रार्थना कोणी वाचीत नाही. का? कारण योग्य पानावर फीत घातलेली असते. त्या दिवशी कोणते पान उघडावयाचे आणि कोणते मिटलेले ठेवावयाचे, हे फीत ठरविते. पेशीचेही तसेच आहे. डोळ्याच्या, यकृताच्या आणि त्वचेच्या पेशीत ग्रंथ एकच असतो. त्यात सुमारे वीस हजार जनुके, म्हणजे प्रथिने घडविण्याच्या लिखित आज्ञा, असतात. डोळ्याची पेशी डोळ्याचीच पाने उघडते. ही पाने उघडणारी किंवा मिटवून ठेवणारी काही विशेष प्रथिने पेशीत असतात. त्यांना शास्त्रज्ञ ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. आपण त्यांना नियामक प्रथिने म्हणू. ग्रंथातील एक अक्षरही न बदलता केवळ फिती हलवून पेशीचा सारा स्वभाव पालटता येतो, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

ह्याचा सर्वांत ठळक पुरावा जपानमधून आला. शिन्या यामानाका ह्यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या त्वचेच्या पेशींत चारच नियामक प्रथिने घातली. ऑक्ट-फोर, सॉक्स-टू, केएलएफ-फोर आणि सी-मिक ही त्यांची नावे. त्या प्रौढ पेशी मागे फिरल्या आणि गर्भातील पेशींप्रमाणे सर्व काही होण्यास समर्थ झाल्या. ह्या शोधासाठी यामानाका ह्यांना इंग्लंडच्या जॉन गर्डन ह्यांच्यासमवेत २०१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मानवी भ्रूणाचा नाश करून मूलपेशी मिळविण्यास ख्रिस्तसभेचा विरोध आहे, हे वाचकांस ठाऊक असेल. म्हणून येथे सांगितले पाहिजे की यामानाकांच्या रीतीत भ्रूण लागत नाही, आणि पुढे ज्या संशोधनाची हकीकत देत आहे त्यातही नाही. प्रौढ शरीरातून, देणाऱ्यास गंभीर इजा न करता घेतलेल्या मूलपेशींचा अभ्यास अनुचित नाही, असे रोमहून २००८ साली निघालेल्या 'डिग्नितास पेरसोने' ह्या शिक्षणपत्रात सांगितले आहे.

यामानाकांच्या शोधात आशा होती, तसा एक इशाराही होता. त्या चार प्रथिनांतील सी-मिक हे कर्करोगात वारंवार आढळणारे प्रथिन म्हणून आधीपासून ओळखले जात होते. इतरही अनेक गाठींत सापडतात. प्रौढ पेशीला पुन्हा तरुण करणारी जी फीत, तीच चुकीच्या वेळी चुकीच्या पानावर पडली तर काय अनर्थ होईल, ते ह्यावरून ध्यानात यावे.

आता आपल्या मराठी मुलखात, पुण्यास झालेल्या कामाची हकीकत सांगतो. पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र ही भारत सरकारच्या साहाय्याने चालणारी संस्था आहे. तेथे डॉ. शर्मिला बापट ह्यांच्या प्रयोगशाळेने अंडाशयाचा कर्करोग हा विषय हाती घेतला. हा रोग स्त्रियांच्या कर्करोगांत विशेष कपटी समजला जातो. अंडाशय पोटात खोल असल्यामुळे गाठ बाहेरून हाताला लागत नाही आणि रोग बहुधा पसरल्यावरच कळतो. पहिल्या औषधाला तो पुष्कळदा चांगला नमतो. पण रोग पुढे गेलेला असला तर बहुसंख्य स्त्रियांत तो पुन्हा उद्भवतो. म्हणजे आपल्या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास ह्याहून योग्य रोग नव्हता.

रोग वाढला म्हणजे पोटात पाणी साठते, त्यास आपण जलोदर म्हणतो. पुण्याच्या संशोधकांनी एका रोगी स्त्रीच्या अशा पाण्यातून पेशी घेतल्या आणि एकेका पेशीपासून निरनिराळे वंश वाढविले. त्यांतील एक वंश गाठ निर्माण करणारा निघाला. अभ्यास चालू असतानाच दुसरा एक वंश आपोआप पालटून तसाच झाला. दोन्हींमध्ये मूलपेशींचे गुण होते. प्राण्यांच्या शरीरात त्यांनी केलेल्या गाठी मानवी रोगातील गाठींसारख्याच दिसत होत्या. एका प्राण्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात नेल्या तरी त्या पेशी नवी गाठ उभी करीत राहिल्या. हे काम २००५ साली प्रसिद्ध झाले. अंडाशयाच्या कर्करोगातही मोथ्याची गाठ आहे, हे त्यावरून दिसले.

ती गाठ औषधाला दाद का देत नाही, हा पुढचा प्रश्न. २००९ साली ह्याच प्रयोगशाळेतून नवनीत कुर्रे आणि सहकाऱ्यांचे काम बाहेर आले. त्यात दोन नियामक प्रथिने मध्यवर्ती होती, स्नेल आणि स्लग. इंग्रजीत स्नेल म्हणजे गोगलगाय आणि स्लग म्हणजे शिंपली नसलेली गोगलगाय. नावे थट्टेची वाटली तरी त्यांचे काम गंभीर आहे. गर्भ आकार घेत असताना काही पेशींना आपली जागा सोडून दूर जावे लागते. शेजारच्या पेशीला धरून ठेवणारा एक चिकट दुवा असतो. त्याचे पान ही प्रथिने मिटवून टाकतात आणि पेशी प्रवासास मोकळी होते. गर्भात हे ईश्वरी योजनेस धरून आहे. २००० साली स्पेनमधील दोन निरनिराळ्या गटांनी दाखविले की स्नेल हे प्रथिन कर्करोगाच्या पेशीतही तोच दुवा तोडते. मग पेशी मूळ गाठ सोडून भटकू लागते, आणि रोग पसरतो.

पुण्याच्या संशोधकांनी अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशींवर किरणांचा आणि आपल्या वाणींच्या पॅक्लिटॅक्सेलचा मारा केला आणि त्या वेळी स्नेल व स्लग काय करतात ते तपासले. त्यांना दुहेरी कारस्थान आढळले. प्रत्येक निरोगी पेशीत पी-त्रेपन्न नावाचे एक प्रथिन पहारेकऱ्याचे काम करते. पेशीची फार हानी झाली, दुरुस्ती अशक्य झाली, तर पेशीने शांतपणे मरावे असा हुकूम ते सोडते. औषधाचा पुष्कळसा गुण ह्या हुकुमावर अवलंबून असतो. स्नेल आणि स्लग ह्यांनी त्या हुकुमाची पानेच मिटविली. पहारेकरी ओरडत राहिला, पण ऐकणारे कोणी उरले नाही. दुसरीकडे, मूलपेशींची जी पाने एरव्ही बंद असतात, ती उघडली गेली. म्हणजे औषधाच्या माऱ्यातून जी पेशी वाचली, ती नुसती वाचली नाही. ती मूलपेशीचा वेष घेऊन बाहेर पडली.

त्याच वर्षी अंजली कुसुंबे आणि डॉ. बापट ह्यांनी आणखी एक काम प्रसिद्ध केले. पेशींना असा रंग दिला की ती दुभंगली म्हणजे रंगही दोघींत वाटला जावा. जी पेशी वारंवार दुभंगते तिचा रंग फिका होत जातो. जी निजून राहते तिचा रंग गडद राहतो. अशा रीतीने गाठीतील निजलेल्या पेशी वेगळ्या ओळखता आल्या, आणि त्या सुप्तावस्थेस गाठीतील मूलपेशी व गुणसूत्रांची संख्या बिघडलेल्या पेशी प्रामुख्याने कारण आहेत असे दिसले. जे औषध दुभंगणाऱ्या पेशीला मारते, ते निजलेल्या पेशीचे काय वाकडे करणार? डॉक्टर "काही दिसत नाही" असे म्हणाले तेव्हा ते खोटे बोलले नव्हते. पात खरोखरच गेली होती. थोड्या निजलेल्या पेशी कोणत्याही यंत्रात दिसत नाहीत.

औषध चुकविण्याच्या आणखीही वाटा आहेत. पेशीच्या भिंतीत पंपासारखी प्रथिने असतात. आत आलेले विष ती बाहेर फेकतात. असे पहिले प्रथिन १९७६ साली कॅनडात ओळखले गेले, आणि पॅक्लिटॅक्सेललाही ते बाहेर फेकते. मूलपेशींत असे पंप पुष्कळदा अधिक असतात. काही पेशी आपल्या ग्रंथाची फाटलेली पाने फार चपळाईने सांधतात.

येथे एक भेद नीट समजून घ्यावा. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीचा कसा घास घेतला, ते कोणी विसरलेले नाही. ज्या थोड्या अळ्यांच्या वंशात त्या विषाला तोंड देण्याची शक्ती होती त्या वाचल्या, त्यांचीच प्रजा वाढली. कर्करोगातही असे होते; ग्रंथातील अक्षरच बदललेली पेशी वाचते आणि तिचाच वंश माजतो. परंतु फितींचा प्रकार निराळा आहे. तेथे अक्षर बदलत नाही, पान बदलते. आणि जे पान बदलले ते परतही बदलता येईल, ही आशेची जागा आहे.

ती आशा पोकळ नाही, ह्याचे एक उदाहरण आहे. रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार असा की त्यात दोन जनुके तुटून चुकीची जोडली जातात आणि एक बिघडलेले नियामक प्रथिन तयार होते. ते रक्तपेशींना प्रौढ होऊ देत नाही. त्या कायम पोरकट राहून माजतात. एके काळी हा प्रकार फार झपाट्याने प्राण घेई. १९८८ साली चीनमधील शांघाय येथील डॉक्टरांनी जीवनसत्त्व ए च्या जातीचे एक औषध देऊन त्या पेशी मारण्याऐवजी प्रौढ करून दाखविल्या. पुढे त्यास शुद्ध केलेल्या सोमलाच्या औषधाची जोड मिळाली. त्या दोघांनी ते बिघडलेले प्रथिनच नष्ट होते. आज हा रोग वेळेवर ओळखला गेला तर बहुतेक रोगी पूर्ण बरे होतात. मात्र ह्यावरून कोणी सोमलाच्या पुड्या घेऊ नयेत. सोमल हे विष आहे. रुग्णालयात रक्त व हृदय तपासत दिलेला तो औषध होतो, वैदूच्या हातचा मृत्यू होतो.

स्नेल आणि स्लग ह्यांच्यावर मात्र असे औषध अद्याप हाती आलेले नाही. पुण्याचे काम पेशींवर आणि प्रयोगशाळेतील प्राण्यांवर झालेले आहे. नियामक प्रथिनांना धरण्यासाठी औषधाला खाच सापडत नाही, आणि तीच प्रथिने निरोगी शरीरालाही काही ठिकाणी लागतात, ह्या दोन अडचणी आहेत. मधल्या काळात दुसऱ्या वाटेने थोडे यश मिळाले आहे. ज्या स्त्रियांत बीआरसीए नावाच्या जनुकात जन्मतः दोष असतो, त्यांच्या कर्करोगपेशींना फाटलेली पाने सांधण्याची एक वाट आधीच बंद असते. दुसरी वाटही बंद करणाऱ्या गोळ्या २०१४ पासून अंडाशयाच्या कर्करोगात वापरात आल्या आहेत. म्हणून ज्या घरात आई, मावशी, बहीण अशा दोघीतिघींना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. लाजेने लपवू नये.

आता ह्या सर्व विवेचनातून आपल्या घरांनी काय घ्यावयाचे?

पहिली गोष्ट, ठरविलेला उपचार अर्ध्यावर सोडू नये. तीन डोस झाले, पोट उतरले, भूक लागली, संत्र्याचा तोडा आला, कापूस वेचणी आली, आता पुढचे नंतर पाहू, असा विचार पुष्कळ घरांत होतो. पात कापल्यावर निंदण थांबविण्यासारखेच ते आहे. पैशाची अडचण असेल तर ती डॉक्टरांपुढे मोकळेपणे मांडावी. पात्र कुटुंबांना आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचाराचे साहाय्य २०१८ पासून मिळते. पांढुर्ण्याहून आणि सौंसरहून नागपूर जवळ आहे. तेथे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय तर १९४१ पासून देशभरच्या रोग्यांना आधार देत आले आहे.

दुसरी गोष्ट, बरे वाटले तरी तपासणीस जात राहावे. निजलेली पेशी केव्हा जागी होईल ते सांगता येत नाही. आणि ज्यांना रोग नाही त्या मायबहिणींनी एवढे लक्षात ठेवावे: पोट सतत फुगलेले वाटणे, दोन घास खाताच पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीस जावे लागणे, ही लक्षणे दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज राहिली तर त्याला गॅस म्हणून सोडून देऊ नये. ती बहुधा साध्याच कारणाने असतात. पण डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. घरातली आई आपले दुखणे सर्वांच्या शेवटी सांगते. मुलांनी आणि धन्याने ते आधी विचारावे.

तिसरी गोष्ट, मूलपेशी हा शब्द ऐकून कोणी भुलू नये. मूलपेशी टोचून कोणताही रोग बरा करतो असे सांगून लाखो रुपये घेणारे लोक आहेत. रक्ताच्या काही रोगांसाठी मज्जेतील मूलपेशींचे रोपण ही मान्य चिकित्सा आहे. तो अपवाद सोडला तर मान्यताप्राप्त प्रयोगाबाहेर रोग्यांवर मूलपेशी वापरणे अनैतिक आहे, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक नियमांत सांगितले आहे. शेत गहाण टाकण्यापूर्वी कर्करोगतज्ज्ञाला विचारावे.

चौथी गोष्ट, रोग परत आला म्हणून कोणास दोष देऊ नये. सुनेने वेळेवर जेवण दिले नाही म्हणून, मुलाने दुसरे रुग्णालय निवडले म्हणून, रोग्याने उपास मोडला म्हणून रोग परतत नाही. तो परततो कारण काही पेशींनी आपली पाने फिरविली. जन्मांध मनुष्याला पाहून कोणाचे पाप हे असे शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभूने तो हिशेबच नाकारला होता. रोग्याच्या खाटेशी बसून आपण तो पुन्हा मांडू नये. आजारी आईच्या मनात "माझेच काही चुकले" हे शल्य राहणे ही त्या रोगाची दुप्पट पीडा आहे, आणि ती दूर करण्यास कोणतेही महाग औषध लागत नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत नाजूक आहे. कधी कधी पहिले औषध चुकते, दुसरे चुकते, तिसऱ्याने थोडाच लाभ होईल आणि त्रास मात्र फार होईल असे डॉक्टर सांगतात. अशा वेळी घरातील माणसे घाबरून विचारतात, आता औषध थांबविले तर ते पाप होईल काय? नाही. जीव राखणे हे कर्तव्य आहे. पण लाभाच्या मानाने फार जड आणि निष्फळ अशा उपायांचे बंधन ख्रिस्तसभा कोणावर घालीत नाही. परमगुरू बारावे पायस ह्यांनी १९५७ सालीच डॉक्टरांपुढे हे स्पष्ट केले होते, आणि वेदना शमविण्यासाठी औषध देण्यासही त्यांनी मुभा सांगितली होती. त्या वेळी उपचार थांबत नाहीत, उपचारांचे ध्येय बदलते. वेदना कमी करणे, श्वास सुखाचा करणे, तहान भागविणे, रोग्याला एकटे न सोडणे, हेही उपचारच आहेत. रोग्याने काय इच्छिले ते त्याला शुद्ध असताना विचारावे; त्याच्या पाठीमागे त्याचे निर्णय घेऊ नयेत. आणि धर्मगुरूला अखेरच्या घटकेसाठी राखून ठेवू नये. रोग्यांचा अभ्यंग हा मरणाचा निरोप नव्हे, आजारात बळ देणारा संस्कार आहे. गंभीर आजाराचे निदान झाले की बोलवावे, आणि आजार बळावला तर पुन्हाही बोलवावे.

सारांश असा की "गाठ परत का आली" ह्या प्रश्नाचे उत्तर आज आपल्याजवळ आहे. उत्तर कळले म्हणजे औषध सापडले असे नव्हे, हे खरे. परंतु मोथ्याची पात कापण्यात पिढ्या घालविलेल्या कास्तकाराला गाठ दिसली की त्याची कामाची रीतच पालटते. पुण्याच्या प्रयोगशाळेतील त्या विदुषी आणि त्यांचे तरुण सहकारी ह्यांनी ती गाठ कोठे आहे हे दाखविण्यास हातभार लावला. ज्या अनामिक स्त्रीच्या पेशींवर हे काम झाले, तिचेही आपल्यावर ऋण आहे. आपल्या प्रार्थनेत तिला, संशोधकांना, आणि आपल्या गावांतील ज्या घरांत आज हे दुखणे आहे त्या सर्वांना स्थान असावे.